चिबडाच्या तीन बरण्या

अक्का, बरण्या उघडल्या. तुम्ही जिंकलात.

हे सांगायला मी काल संध्याकाळी सवयीने फोन हातात घेतला, तुमचं नाव शोधलं आणि मग आठवलं. खरं सांगू? रडू नंतर आलं, आधी राग आला. इतकी वर्षं माझ्याशी भांडलात, एका भांडणात मला शेवटचा शब्द बोलू दिला नाहीत, आणि नेमकं जिंकायच्या वेळी उठून निघून गेलात. ही कुठली पद्धत झाली?

तुम्हाला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. कॉलेजात शोकसभा झाली. भूगर्भशास्त्राच्या व्यासंगी प्राध्यापिका, शिस्तप्रिय, मितभाषी, असं लोक तुमच्याबद्दल बोलले. मितभाषी! मला हसू आवरेना. मी पदर तोंडाशी धरला, तर शेजारच्या बाईंना वाटलं मला हुंदका आला, त्यांनी पाठीवरून हात फिरवला. मग मी तिथे काहीच बोलले नाही. मला जे बोलायचं ते तुमच्याशीच बोलायचं होतं, आणि ते माळवस्तीबद्दल होतं.

चिबड हा शब्द मला तुम्ही शिकवलात. आयुष्य रसायनशास्त्र शिकवण्यात गेलं, पण करकंबच्या पुढे माळवस्तीत पहिल्यांदा नेलंत तोवर मी चिबड पाहिलं नव्हतं. वरच्या अंगाला कॅनॉलवरचा हिरवागार ऊस. खालच्या अंगाला वस्तीची घरं आणि पिण्याच्या पाण्याची ओढ्याकाठची जुनी विहीर. या दोन्हींच्या मध्ये एक लांबट पट्टा, वर मिठाची पांढरी पापडी, खाली काळा चिखल, लव्हाळ्याशिवाय काही उगवत नाही. पाय ठेवला की पचकन आत जायचा आणि कुजक्या अंड्यांचा वास यायचा. मी नाकाला रुमाल लावला. तुम्ही मात्र वाकून मूठभर चिखल उचललात, नाकाशी नेलात आणि म्हणालात, "नोडू सुनंदा, नोडू! काय वास आहे बघ!" अक्कलकोटकडचं तुमचं कानडी राग आला की आणि आनंद झाला की बाहेर यायचं. त्या दिवशी आनंद होता.

त्याच दिवशी वस्तीतल्या सुशीलाकाकूंच्या घरी आपलं पहिलं भांडण झालं. काकूंनी गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी पुढे ठेवलं. वरच्या उसातल्या विहिरीचं गोड पाणी, खास पाहुण्यांसाठी उन्हातून डोक्यावर आणलेलं. तुम्ही गूळ तोंडात टाकलात आणि म्हणालात, "काकू, हे पाणी नको. खालच्या विहिरीचं द्या."

काकूंचा चेहरा पडला. "आवो बाई, पावण्यास्नी मचूळ पानी कसं द्यायचं? लोकं तोंडात शेन घालतील की माज्या!"

तुम्ही ऐकलं नाहीत. घागरीतलं मचूळ पाणी स्वतः ओतून घेतलंत आणि घटाघटा प्यालात. मी काकूंना वाईट वाटू नये म्हणून गोड पाणी प्याले. परतीच्या एसटीत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. बाटल्यांची पिशवी माझ्या मांडीवर होती आणि कंडक्टर विचारत होता, "बाई, ताक हाय का तूप?" तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "पाणी आहे. या बाईंना कुठलं प्यावं तेवढं कळत नाही."

पण दोन्ही पाणी तपासलं ते मीच ना? गोड विहिरीत नायट्रेट भरलेलं होतं. उसाला ओतलेला युरिया मुळांना जेवढा पचला तेवढा पचला, उरलेला नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपला. त्याला ना रंग ना वास ना चव, उकळलं तरी जात नाही, उलट पाणी आटतं आणि ते घट्ट होतं. मचूळ विहिरीत मात्र नायट्रेट नावालासुद्धा नव्हतं. मीठ होतं, पण मर्यादेत, जिभेला जाणवण्यापुरतं. पाणी वाहतं वरून खाली. मग मधल्या चिबडात नायट्रेट गेलं कुठे?

"मातीनं खाल्लं," तुम्ही म्हणालात.

"काहीतरीच. ओढ्याचं पाणी मिसळून पातळ झालं," मी म्हणाले.

"पातळ झालं असतं तर मीठही पातळ झालं असतं. चिबडाच्या मधोमध मीठ सगळ्यात जास्त आहे आणि नायट्रेट तिथेच संपतं. मीठ कुणी खात नाही, सुनंदा. नायट्रेट खाणारे आहेत. काळ्या चिखलात हवा नाही, तिथले जिवाणू श्वासाला ऑक्सिजन मिळत नाही म्हणून नायट्रेट वापरतात आणि त्याचा नायट्रोजन करून हवेत सोडून देतात. आपण श्वासात घेतो त्या हवेत असतो तोच."

हे सगळं मला पुस्तकातून माहीत होतं. पण मिठाच्या चिखलात? म्हणून मग आपलं लोणच्याचं भांडण सुरू झालं, जे तुम्ही गेलात तरी मिटलेलं नाही.

"अहो अक्का, मिठात काही जगत नाही म्हणून तर लोणचं टिकतं."

"मग लोणचं मुरतं कशानं? तुझ्या भाषणानं?"

आता लिहिताना कळतंय की या भांडणांवर मी जगत होते. ह्यांच्यामागे मी घरात बसून होते तेव्हा सगळे सांत्वनाला आले. तुम्ही आलात, चहा प्यालात आणि म्हणालात, "बाटल्या धुवायला माणूस नाही. उद्या ये." एक शब्द धीराचा बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी मी नळाखाली बाटल्या धूत होते आणि तुम्ही शेजारी उभ्या राहून, कशा चुकीच्या धुते आहे, ते सांगत होतात. त्या दिवसानंतर मी पुन्हा माणसांत आले. याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर "साकु, साकु", पुरे पुरे, म्हणत हात झटकला असतात. आता झटकता येणार नाही, म्हणून मानते.

मग काकूंना नात झाली. स्वरा. सुनेला दूध कमी येत होतं, पावडरचं दूध कालवून द्यायचं ठरलं, आणि घरात सगळ्यात चांगलं म्हणून गोड विहिरीचंच पाणी वापरायचं, तेही उकळून उकळून. त्याच सुमारास काकूंचा मुलगा दत्ता याने दोन बेत जाहीर केले. गोड विहिरीची पाइपलाइन वस्तीत आणायची, आणि चिबडातून खोल चर काढून खारं पाणी ओढ्याला सोडायचं, म्हणजे पट्टा सुकेल आणि तिथेही ऊस लागेल. सरपंच खूश, वस्ती खूश. तुम्हाला मात्र रात्रभर झोप आली नाही, सकाळी सातला माझ्या दारात उभ्या होतात.

"चर काढला तर वरचं पाणी चिबडात थांबणारच नाही, ओढ्याने थेट खालच्या विहिरीशी जाईल. आणि त्या पोरीच्या दुधाच्या बाटलीत हे वरचं पाणी गेलं तर तिचं रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होईल. ती निळी पडेल, सुनंदा."

स्वराला तेवढ्यापुरतं करकंबहून जारचं पाणी आणायला तुम्ही काकूंना तयार केलंत, पण जार किती दिवस चालणार? दत्ताला पटवायचं तर पुरावा हवा होता. चिबडात मधोमध आपण पाइप रोवला होता. तुमचा गुडघा सुजलेला, पाऊस सुरू झालेला, म्हणून तुम्ही काकूंकडे बाटल्या ठेवल्यात. निळ्या झाकणाची गोड विहिरीसाठी, लाल झाकणाची चिबडातल्या पाइपसाठी. काकूंनी भरून एसटीने पाठवल्या.

आणि लाल बाटलीत नायट्रेट निघालं. चांगलं भरपूर.

मी तेव्हा काय म्हणाले ते तुम्ही वरही विसरला नसाल. "अक्का, तुमची माती उपाशी आहे!" मला खरंच आनंद झाला होता, खोटं का बोलू? तुम्ही लाल बाटली उजेडात धरून उलटसुलट करून पाहिलीत. आणि हे दत्ताच्या कानावर गेलं, तसा त्याने जेसीबीवाला ठरवून टाकला.

दोन दिवसांनी उरलेल्या पाण्यात मी मीठ मोजायला घेतलं. तुम्ही नेहमी म्हणायचात की मीठ न मोजता नायट्रेटवर बोलायचं नाही, म्हणून. लाल बाटलीत मीठच नव्हतं! चिबडाच्या मधलं पाणी आणि गोड? मी एक थेंब जिभेवर ठेवला, जे मी आयुष्यात कुठल्या विद्यार्थ्याला करू दिलं नाही. गोड. पहिल्या एसटीने आपण वस्तीत.

काकू आधी कबूल होईनात. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "व्हय बाई. दोनी बाटल्यांत गोडंच पानी भरलं म्या. एवडी झकास सवच्छ बाटली, कॉलेजात जायाची. त्यात चिबडाचं घान पानी घालून कसं धाडू? तितं लोकं काय म्हनतील, माळवस्तीत हेच पित्यात का?"

तुम्ही हसायला लागलात, इतक्या की गुडघा दुखायला लागला तरी हसू थांबेना. काकूही हसल्या. दत्ता मात्र हसला नाही. जेसीबी बांधावर उभा होता.

"मॅडम, तुमचं एकदा व्हय, एकदा न्हाय. आमी कुटवर थांबायचं?"

तेव्हा तुम्ही पैज लावलीत. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या मागवल्यात. एकीत चिबडाचा ताजा चिखल. दुसरीत तोच चिखल, पण काकूंच्या चुलीवर भरपूर उकळून, म्हणजे जे काही जिवंत असेल ते मरावं. दोन्हींत वरच्या विहिरीचं नायट्रेटचं पाणी आणि चिबडाइतकं मीठ. मी हट्टाने तिसरी बरणी भरली: ताजा चिखल, पण मीठ लोणच्याचं, मुठीमुठीनं. "घाल, घाल," तुम्ही म्हणालात, "तुझंही समाधान होऊ दे." झाकणं मेणाने बंद केली. दत्तासमोर उघडायच्या, त्याआधी कुणी हात लावायचा नाही. पहिल्या बरणीतलं नायट्रेट गेलं तर चर रद्द. राहिलं तर जेसीबी आत.

बरण्या तुमच्या जुळे सोलापूरच्या फ्लॅटच्या गॅलरीत राहिल्या. आणि त्या उघडायच्या आधी तुमचं हृदय बंद पडलं. डॉक्टर म्हणाले, फार त्रास झाला नसेल. मी डॉक्टरांवरही चिडले, त्यांना काय ठाऊक तुम्हाला कशाचा त्रास होतो.

तुमच्या घरच्या रीतीप्रमाणे तुम्हाला मातीत ठेवलं. एकेक जण मूठ मूठ माती लोटत होता. माझी पाळी आली तेव्हा मी ती माती सवयीने बोटांत चुरली आणि नाकाशी नेली. ओलसर होती, वास चांगला होता. तुमची भाची माझ्याकडे चमकून बघत होती. बघू दे. तुम्ही शेजारी असता तर तुम्हीही तेच केलं असतं.

त्याच भाचीने नंतर घर आवरायला काढलं. मी गेले तर दारात कचऱ्याच्या पिशव्या, आणि त्यात वरच बरण्या. "मावशी, अक्कांचं लोणचं पार नासलंय, वास येतोय," ती म्हणाली. मी त्या बरण्यांवर अक्षरशः झडप घातली. पोरगी घाबरली. तिला सगळं समजावत बसले आणि बसल्या जागी पहिल्यांदा पोटभर रडले. नंतर तिनेच रिक्षा करून दिली.

दत्ताचा फोन आला होताच. "मॅडम, अक्का गेल्या, लई वाईट झालं. पर जेसीबीवाला इचारतोय." मी म्हणाले, "येते. बरण्या घेऊन येते." एसटीत तोच कंडक्टर. "आज काय, लोनचं?" मी म्हणाले, "हो." दुसऱ्या सीटकडे बघून तो म्हणाला, "दुसऱ्या बाई न्हाय आल्या?" मी तिकिटाचे पैसे पुढे केले.

देवळाच्या मंडपात सगळे जमले होते. सरपंच, बायका, दत्ता, मांडीवर स्वराला घेऊन काकू, आणि मागे खांबाला टेकून जेसीबीवालासुद्धा. मी तपासणीच्या पट्ट्या दाखवल्या. पाण्यात नायट्रेट असलं की पट्टी गुलाबी होते, नसलं तर पांढरीच राहते. आधी गोड विहिरीच्या पाण्यात बुडवली. गडद गुलाबी. बायकांच्यात कुजबुज झाली.

उकळलेल्या चिखलाची बरणी उघडली. गुलाबी. माझ्या लोणच्याच्या मिठाची उघडली. तीही गुलाबी. दत्ता हात झटकत उठायच्या बेतात होता, जेसीबीवाल्याने किल्ली बोटावर फिरवली. अक्का, त्या क्षणी मला पहिल्यांदा समजलं की मला तुमच्याविरुद्ध कधीच जिंकायचं नव्हतं.

तुमच्या बरणीचं मेण काढलं. झाकण हाताने उचलायच्या आधीच हलकं फुस्स झालं. आत काळ्याभोर चिखलावर बारीक बारीक बुडबुडे. वास आला, तोच. मी पट्टी बुडवली आणि बाहेर काढली.

पांढरी.

मी वाट बघितली. सगळ्यांनी बघितली. पांढरीच राहिली. दत्ताने माझ्या हातातून दुसरी पट्टी घेतली, स्वतः बुडवली, उन्हात नेऊन दोन्ही बाजूंनी पाहिली. मग सरपंचांनी पाहिली. मग सगळ्या वस्तीने एकेक पट्टी मागितली आणि माझं पाकीट संपून गेलं. कुणाचीच गुलाबी झाली नाही!

"म्हंजे," दत्ता सावकाश म्हणाला, "उसाचं जास्तीचं खत आमचं चिबड खाऊन टाकतंय?"

"व्हय," मी म्हणाले. माझ्या तोंडून व्हय निघालं, अक्का. तुम्ही वर्षभर चिडवलं असतं.

"आन म्या त्याला चर मारायला निगालो व्हतो." तो मागे वळला. "जा रे बाबा तू. काम न्हाय." मग पुन्हा माझ्याकडे. "आन वरच्या इहिरीच्या पान्यातच युरिया हाय म्हनल्यावर उसाला पोती कशाला ओतू? कमी करतो की."

अक्का, एवढं तर आपण त्याच्याकडून मागितलंही नव्हतं. पाइपलाइन आता खालच्या मचूळ विहिरीवरून येणार आहे. चिबडाला कुणी हात लावणार नाही, सरपंचांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मंडपात टाळ्या वाजल्या. मला टाळ्यांचा तिटकारा, तुम्हाला माहीत आहे. पण मीही वाजवल्या, जोरात, तुमच्यासाठी.

आता आपलं भांडण. तिसरी बरणी गुलाबी निघाली हे विसरू नका. लोणच्याइतक्या मिठात तुमचे जिवाणू हरले. चिबडात मीठ आहे ते आमटीइतकं, म्हणून ते जगतात. म्हणजे तुमचं खरं आणि माझंही. आणि चिबड किती खत खाऊ शकेल, कधी त्याचंही पोट भरेल, हे तुम्हालाही माहीत नव्हतं आणि मलाही नाही. त्यावर मी काम सुरू ठेवणार आहे. भाची म्हणाली बाटल्या धुवायला ती येईल. चुकीच्या धुते, पण शिकेल.

मला तुमची फार आठवण येते. एवढं एक वाक्य तुमच्यासमोर कधी म्हणता आलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

निघताना काकूंनी ओसरीवर बसवलं. स्वरा त्यांच्या खांद्यावर झोपली होती, गाल चांगले गुलाबी. सून गुळाचा खडा आणि तांब्या घेऊन आली. काकूंनी तो तिच्या हातून घेतला आणि स्वतः माझ्यापुढे ठेवला.

"बाई, खालच्या इहिरीचं हाय. मचूळ हाय. पर आता पावण्याला हेच देनार म्या. अन सवराचं दूध बी याच्यातच. नाव ठेवल त्याला अक्काचं नाव सांगीन."

मी तांब्या उचलला आणि पाणी एका दमात प्याले. मचूळच होतं. मग तांब्या पुढे करून म्हणाले, "काकू, आणखी द्या."

दुसरा तुमचा होता, अक्का.